पोरं विचारणार नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितोय
ब्रिटनमधल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र

दादांनो, वहिनींनो, काका-काकूंनो,

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मी येऊन गेलोय. दारात बूट काढून, खांद्याला टूलबॅग अडकवून. तुम्ही चहा दिलात, काहींनी तर जेवल्याशिवाय सोडलं नाही. गाव कुठलं म्हणून विचारलंत आणि मी इचलकरंजी म्हटलं की कुणाचा तरी मामा तिथला निघतोच. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो: ‘म्हणजे तुम्ही प्लंबर का?’ मी गॅस इंजिनिअर आहे म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर बारीकशी शंका उमटते. आपल्याकडं इंजिनिअर म्हणजे डिग्री आणि इस्त्रीचा शर्ट. इकडं पान्हा हातात घेणाऱ्यालाही इंजिनिअर म्हणतात, त्याला मी काय करू? माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग बंद पडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, हे त्यांनी मला कान धरून शिकवलं. बॉयलरचंही पुष्कळसं तसंच आहे. पण ज्या बिघाडानं माणूस जातो, त्याला आवाज नसतो. वासही नसतो.

हे पत्र भाड्यानं दिलेल्या घरातल्या गॅसच्या वार्षिक तपासणीबद्दल आहे, आणि ते शेकडो घरं भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांना नाही. त्यांच्याकडं वकील आहेत, तारखा सांभाळायला माणसं आहेत. हे तुम्हाला आहे. स्लाउ, हाउन्स्लो, रेडिंग, मिल्टन कीन्स, लेस्टर अशा गावांत पंधरा-वीस वर्षं काढली, मोठं घर घेतलं आणि जुनं विकण्याऐवजी भाड्यानं दिलं, असे तुम्ही. किंवा वरची खोली, मागची खोली, कधी डायनिंग रूमसुद्धा पुण्या-नाशकाहून शिकायला आलेल्या पोराला महिन्याच्या बोलीवर दिली, असे तुम्ही. या दुसऱ्या गटाला तर आपण लँडलॉर्ड आहोत हेच मान्य नसतं. ‘अहो भाडं कसलं, पोराला आधार म्हणून ठेवलाय.’ आधार खरा असतो, मी तो पाहिलाय. पण महिन्याला हातात पडणारे पौंडही खरे असतात, आणि कायदा तेवढेच बघतो.

मागच्या नोव्हेंबरात लंडनच्या पश्चिमेकडच्या एका घरून फोन आला. बॉयलर खूप आवाज करतोय, येऊन बघा. तपासणीसाठी बोलावलं नव्हतं. तपासणी शेवटची कधी झाली, हे त्यांना आठवतही नव्हतं. घर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं, सेमी-डिटॅच्ड. बॉयलर कुठाय विचारलं तर काका मला डायनिंग रूमकडं घेऊन गेले आणि दार वाजवून म्हणाले, ‘अरे, जरा दोन मिनिटं.’ आत एक पलंग, एक टेबल, टेबलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी बोटभर उंचीचा गणपती. आणि भिंतीत गॅस फायर. त्या फायरच्या मागं, चिमणीच्या पोकळीत, बॅक बॉयलर.

नव्या घरांत राहणाऱ्यांना बॅक बॉयलर माहीत नसेल. एकेकाळी इथं ते सर्रास बसवले जायचे. पुढं खोली गरम करणारी गॅसची शेगडी, मागं घराचं पाणी तापवणारा बॉयलर, आणि दोघांची जळकी हवा एकाच चिमणीतून वर. ही जोडी जळण्यासाठी लागणारी हवा खोलीतूनच घेते. हल्लीचे बॉयलर तसे नाहीत. ते भिंतीतल्या नळीतून बाहेरची हवा ओढतात आणि तिथूनच बाहेर टाकतात, खोलीतल्या हवेला हात लावत नाहीत. जुन्या प्रकाराला मात्र भिंतीत कायमची उघडी जाळी लागते. त्या खोलीतली जाळी मला आधी दिसलीच नाही. तिच्यावर पुठ्ठा आणि ब्राउन टेप होती. वारा येतो, पोराला गारठा लागेल, म्हणून काकांनी स्वतः लावलेली.

पोरगा तेवीस-चोवीसचा. मी हात पुसता पुसता त्याला विचारलं, तब्येत कशी असते रे? तो म्हणाला, महिनाभर डोकं जड असतं, मळमळतं, घरची आठवण येत असेल. ताप? ताप नाही. शनिवार-रविवारी? तेव्हा बरं वाटतं, तेव्हा सुपरमार्केटात कामाला असतो ना. काकू रोज रात्री त्याला सुंठ-गुळाचा काढा करून देत होत्या.

मी फायर चालू केला, दारं-खिडक्या लावल्या, पाच मिनिटं थांबलो आणि धुराची काडी फायरच्या वरच्या कडेला धरली. ती काडी म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक वस्तू. चिमणी ओढत असेल तर धूर आत जातो. इथं धूर वळून माझ्या तोंडावर आला. चिमणीत पक्ष्यानं घरटं केलं होतं. इथले जॅकडॉ, म्हणजे आपल्या कावळ्याचे धाकटे भाऊ, फांद्यांचे ढीगच्या ढीग चिमणीत कोंबतात. वरून चिमणी बंद, खालून जाळी बंद, आणि मध्ये झोपलेला पोरगा.

आमच्या भाषेत याला ‘इमिजिएटली डेंजरस’ म्हणतात. गॅस बंद केला, लाल लेबल लावलं, कागदावर काकांची सही घेतली. काकूंचा पहिला प्रश्न होता, ‘अहो, पण उद्या पाहुणे येणारेत, गरम पाणी?’ मला राग आला नाही. त्यांना अजून समजलंच नव्हतं. काकांना समजलं होतं. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ पुठ्ठ्याकडं बघत राहिले. मी पोराला बाहेरच्या हवेत बसवलं आणि आजच दवाखान्यात जा, कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्त तपासायला सांग, असं म्हणालो. तो वाचला, म्हणून मी हे लिहू शकतोय.

ही माणसं वाईट नव्हती, म्हणून ही गोष्ट एवढी सविस्तर सांगितली. त्या मुलाची फी अडली तेव्हा काकांनी त्याला पैसे उसने दिले होते. दिवाळीला त्याच्यासाठी वेगळा फराळाचा डबा होता. सगळं होतं, फक्त वर्षातून एकदा करायचं तासाभराचं एक काम झालं नव्हतं.

आता ते काम. १९९८ साली आलेल्या गॅस सेफ्टीच्या नियमांचं ३६वं कलम सांगतं की भाड्यानं दिलेल्या घरातलं घरमालकाच्या मालकीचं गॅसचं प्रत्येक उपकरण आणि त्याचा फ्लू, म्हणजे जळकी हवा बाहेर नेणारी नळी किंवा चिमणी, दर बारा महिन्यांच्या आत तपासून घेतला पाहिजे. तपासणारा गॅस सेफ रजिस्टरवरचा, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीतला, इंजिनिअरच हवा. तपासणी झाल्यापासून २८ दिवसांत तिच्या नोंदीची, म्हणजे सगळे ज्याला गॅसचं सर्टिफिकेट म्हणतात त्याची, प्रत राहत्या भाडेकरूला द्यायची. नवीन माणूस येणार असेल तर तो राहायला येण्याआधीच त्याच्या हातात ठेवायची. आणि ती नोंद पुढच्या दोन तपासण्या होईपर्यंत स्वतःजवळ जपायची. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडला हे लागू आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, पण वर्षाची तपासणी तिथंही चुकत नाही.

‘पण आम्ही त्याच घरात राहतो, तो लॉजर आहे.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. लॉजर असला तरी हेच. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे इथले सगळे ज्याला एचएसई म्हणतात ते खातं, हे स्वच्छ शब्दांत सांगतं. तुमच्या घरातली एक खोली भाड्यानं असेल तर तो ज्या बॉयलरच्या पाण्यानं अंघोळ करतो आणि ज्या हॉबवर मॅगी करतो, ते तपासून घेणं तुमच्यावर आहे.

आणि डायनिंग रूमची बेडरूम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. खोलीतलीच हवा घेणारं, १४ किलोवॅटपेक्षा मोठं उपकरण झोपायच्या खोलीत चालत नाही. त्याहून लहान असेल तर हवा बिघडताच आपोआप बंद होण्याची सोय त्यात असावी लागते. म्हणजे खोलीत पलंग टाकला की त्या खोलीचा कायदा बदलतो. मी सांगितली त्या खोलीत चिमणी स्वच्छ असती आणि जाळी उघडी असती, तरीसुद्धा तिथं भाडेकरू झोपवणं नियमात बसत नव्हतं.

नियम मोडले तर दंडाला वरची मर्यादा नाही आणि तुरुंगवासही होऊ शकतो. माणूस दगावला तर मामला मनुष्यवधापर्यंत जातो. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आणखी एक धाक होता. गॅसचं सर्टिफिकेट भाडेकरूला दिलं नसेल तर कलम २१ची, म्हणजे कारण न सांगता द्यायची, नोटीस देऊन घर रिकामं करून घेता येत नव्हतं. कित्येक जण फक्त त्या भीतीनं मला बोलवायचे. २०२५च्या रेंटर्स राइट्स ॲक्टनं कलम २१च मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा एका गृहस्थांनी मला फोनवर विचारलं, ‘मग आता तुमचं ते सर्टिफिकेट लागणार नाही ना?’ साहेब, लागणार. नोटिशीचं कलम गेलं तरी बॉयलर भिंतीवर आहेच.

तुम्ही म्हणाल, भाडेकरूनं मागावं की. कायद्यानं त्याला तो हक्कच आहे. इथंच आपलं, म्हणजे आपल्या लोकांचं, गाडं अडतं.

गोरा किंवा पोलिश भाडेकरू पहिल्याच दिवशी ईमेल टाकतो: सर्टिफिकेट पाठवा. आपलं पोरगं तसं करत नाही. त्याच्या आईनं कुणाच्या तरी ओळखीनं तुम्हाला फोन केलेला असतो. एअरपोर्टवर घ्यायला तुम्ही गेलेले असता, पहिला वरण-भात तुमच्याकडं खाल्लेला असतो. ज्या काकांच्या पाया पडून आत आलो, त्यांच्याकडं कागद कसा मागायचा? मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, काकू काय म्हणतील, खोली गेली तर या शहरात दुसरी कुठं मिळणार? शिवाय कागद मागायचा असतो, हेच त्याला माहीत नसतं. तो जिथून आला तिथं ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, डिपॉझिटवरून घासाघीस होते. गॅसचं वार्षिक सर्टिफिकेट हा शब्दही त्या व्यवहारात येत नाही.

गॅस म्हटलं की त्याला आईचं रात्रीचं वाक्य आठवतं: ‘रेग्युलेटर बंद केला का?’ आपला सगळ्यांचा धोका वासाशी बांधलेला आहे. वास आला की खिडक्या उघडा, बटण दाबू नका, हे आपल्याला लहानपणापासून येतं, आणि ते इथंही खरंच आहे. वास आला तर ०८०० १११ ९९९ या नंबरावर फोन करायचा, रात्री-अपरात्री कधीही. पण कार्बन मोनॉक्साइड म्हणजे गळती नव्हे. गॅस जळतोय, पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही किंवा जळकी हवा बाहेर जात नाही, अशा वेळी तो तयार होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं त्याला चिकटतं. सुरुवातीला फ्लूच्या आजारासारखं वाटतं, फक्त ताप नसतो. मग ग्लानी येते, आणि मग उठून खिडकी उघडायचं भानच राहत नाही.

हे परकं नाही. महाराष्ट्रात हिवाळा आला की बंद बाथरूममध्ये गॅस गीझरनं कुणीतरी गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचलीय. लग्नाला महिना झालेलं जोडपं, अंघोळीला गेलेली शाळकरी मुलगी. बातमीत पुष्कळदा ‘गीझरचा गॅस लीक होऊन’ असं छापतात. लीक नसतो. लहानशी खोली, बंद खिडकी आणि जळणारा बर्नर एवढं पुरतं. तोच वायू, तेच कारण, फक्त इथं बाथरूमऐवजी बॉयलर आणि गॅस फायर.

इथल्या जुन्या माणसांना मात्र गॅसची भीती मुरलेली आहे, आणि तिला इतिहास आहे. पूर्वी इथं कोळशापासून बनवलेला टाउन गॅस पुरवला जायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड मुळातच असायचा, नुसती गळती झाली तरी माणूस मरायचा. १९६७ ते १९७७ या काळात देश नॉर्थ सीच्या नैसर्गिक वायूवर गेला. घरोघरी जाऊन शेगड्यांचे बर्नर बदलले गेले. तो विषारी गॅस गेला, पण अर्धवट जळण्याचा धोका उरला, आणि तो आता दिसेनासा झाल्यामुळे लोक निर्धास्त झाले.

तपासणीत आम्ही नक्की करतो काय, हेही सांगतो, कारण ‘येतो, बघतो, कागद देतो आणि ऐंशी पौंड घेतो’ असं माझ्या तोंडावर म्हणणारे आहेत. आधी मीटरशी प्रेशर गेज लावून घरातली सगळी पाइपलाइन धरते का ते पाहतो. दोन मिनिटं काटा खाली येतो का ते बघतो. मग बॉयलरचं बर्नर प्रेशर किंवा गॅसचा वापर मोजतो. फ्लूच्या नळीत ॲनालायझरची सुई घालून जळलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण किती ते वाचतो. चिमणीवाला प्रकार असेल तर धुराची परीक्षा. जाळ्या उघड्या आहेत का, पुरेशा मोठ्या आहेत का. हॉबची ज्योत निळी आणि टोकदार आहे की पिवळी आणि लोळणारी. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का. उभा कुकर भिंतीला साखळीनं अडकवलाय का. एक बॉयलर आणि एक हॉब असेल तर पाऊण तास ते तास लागतो. जो दहा मिनिटांत कागद लिहून निघून जातो, त्यानं तुमचं घर तपासलं नाही, नुसता फॉर्म भरला.

हेही लक्षात असू द्या की बॉयलरची सर्व्हिसिंग आणि ही तपासणी एक नव्हे. तपासणीत आम्ही ते उपकरण आज सुरक्षित आहे का ते सांगतो. सर्व्हिसिंगमध्ये ते उघडून साफ करतो. दोन्ही एकाच फेरीत करून घेतलंत तर पैसे वाचतात.

कागदाला बरेच जण अजून सीपी-१२ म्हणतात. गॅस सेफच्या आधी इथं कॉर्गी नावाची नोंदणी होती, तिच्या फॉर्मचा तो नंबर. १ एप्रिल २००९ला कॉर्गीचं ते काम गॅस सेफ रजिस्टरकडं गेलं, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. त्यामुळे कुणी आजही ‘मी कॉर्गीचा आहे’ म्हणून दारात आला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. खरा माणूस असेल तर त्याच्याकडं फोटोचं ओळखपत्र असतं. ते उलटं करून बघा. तो कोणती कामं करू शकतो हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. मला हे कार्ड मराठी घरात आजवर दोघांनी मागितलं असेल. मागा. मला अजिबात राग येत नाही, उलट बरं वाटतं.

‘ओळखीतला आहे, तीस पौंडांत करून देतो, यायचीही गरज नाही’ असले फॉरवर्ड मला येतात. न येता दिलेला कागद म्हणजे खोटी तपासणी, आणि उद्या काही झालं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायलाही तुम्हाला तोंड राहत नाही.

तीच गत ‘हॉब आमच्या मेहुण्यानं बसवला, त्यात काय अवघड आहे’ची. १६ मे १९६८ला पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली नव्याकोऱ्या इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईंनी पहाटे चहासाठी गॅस पेटवला. स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली, सतरा जखमी झाली. त्या बाई स्वतः वाचल्या. चौकशीत गळतीचं कारण निघालं कुकरच्या जोडणीतला एक कमअस्सल पितळी नट. बांधकामातच दोष होता म्हणून एवढी पडझड झाली, हे खरं, पण सुरुवात त्या नटापासून झाली. मेहुणा कितीही हुशार असो, त्यानं नट घट्ट केला एवढंच त्याला माहीत असतं. सांधा धरतो की नाही हे गेज लावल्याशिवाय मलाही कळत नाही.

आता अलार्मविषयी, कारण इथं आपला खास मराठी घोटाळा आहे. फोडणी. मोहरी-मिरची तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून अनेक घरांत त्याची बॅटरी काढलेली असते किंवा त्याला शॉवर कॅप घातलेली असते. आणि तोच न्याय कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मलाही लावला जातो. एका घरात मी तो ड्रॉवरमध्ये मोज्यात गुंडाळलेला पाहिला. अहो, तो वेगळा असतो. फोडणीच्या धुरासाठी तो बनवलेलाच नाही. तो वाजतोय म्हणजे गॅस बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मग फोन करा. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२पासून, अख्खं घर भाड्यानं देणाऱ्याला, ज्या राहत्या खोलीत बॉयलर किंवा फायर आहे तिथं हा अलार्म लावावाच लागतो. स्वयंपाकाचा कुकर तेवढा यातून वगळलाय. नवीन भाडेकरू येईल त्या दिवशी अलार्म चालतो का ते दाबून बघायचं. घरात राहून खोली देणाऱ्यांना हा अलार्मचा नियम लागत नाही. म्हणून काय लावायचा नाही? वीस-पंचवीस पौंडांची वस्तू आहे. मागच्या बाजूला तिची मुदतीची तारीख छापलेली असते, तीही बघा. बॅटरी चांगली असली तरी आतला सेन्सर म्हातारा होतो.

एक गोष्ट भाडेकरूंनाही सांगा, कारण हेही आपलंच. दोन बर्नरांवर मिळून एक लांब तवा टाकणं, हॉबवर ॲल्युमिनियमचा फॉइल अंथरणं, हीटिंगचे पैसे वाचवायला ओव्हन उघडा ठेवून खोली गरम करणं. हे तिन्ही मी पाहिलंय. ज्योतीला हवा मिळाली नाही की ती पिवळी पडते आणि भांडी काळी होतात. काळं पडलेलं पातेलं घासत बसण्यापेक्षा ते मला दाखवा.

काही सबबी पटकन निपटतो. ‘एजंट बघतो’: करारात लिहून घेतलंय का? नसेल तर जबाबदारी तुमच्याच गळ्यात, आणि लिहिलं असलं तरी वर्षातून एकदा कागद डोळ्यांनी बघा. ‘भाडेकरू आत येऊ देत नाही’: जबरदस्तीनं आत शिरायचं नाही. वेळ मागा, पुन्हा मागा, तिसऱ्यांदा मागा आणि प्रत्येक निरोप जपून ठेवा. तुम्ही खरोखर प्रयत्न केलेत हे त्यावरूनच दिसणार आहे. ‘शेगडी त्यानं स्वतः आणलीय’: मग ती तपासून घेणं तुमच्यावर नाही, पण तिच्यापर्यंत येणारी पाइपलाइन तुमचीच आहे. ‘बॉयलर नवीन आहे’: अभिनंदन. तपासणी तरीही बारा महिन्यांच्या आत.

तारखेची एक सोय मात्र बहुतेकांना माहीत नाही. २०१८पासून मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत कधीही तपासणी केली तरी पुढच्या वर्षाची तारीख तीच राहते. मुदत २० नोव्हेंबरला संपत असेल तर २० सप्टेंबरनंतर केव्हाही बोलवा, पुढच्या वर्षीही २० नोव्हेंबरच धरली जाईल. नोव्हेंबरात पहिली थंडी पडते, अर्ध्या देशाचे बॉयलर बंद पडतात आणि आम्ही कुणाचे फोन उचलायचे हेच कळत नाही. माझ्या मराठी गिऱ्हाइकांना मी सोपं करून सांगतो: गणपती उठले की गॅस. तेव्हा आम्हालाही सवड असते, आणि काही बिघाड निघाला तर थंडीच्या आत दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळतो.

एवढ्यावर माझं मागणं एकच आहे. पोरांनी मागायची वाट बघू नका, कागद स्वतःहून द्या. खोलीची किल्ली द्याल त्याच वेळी द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी चालेल. ‘हे वाच, नाही समजलं तर विचार’ एवढं वाक्य तुम्ही म्हणा, म्हणजे त्याचा संकोच तुमच्या बाजूनं मोडेल.

आणि आपल्या मंडळांच्या, गावोगावच्या ग्रुपच्या चालकांना विनंती. तुमच्या ग्रुपवर रोज जाहिराती पडतात: ‘डबल रूम, स्टेशनपासून पाच मिनिटं, व्हेज प्रेफर्ड, नॉन-स्मोकर, बिलं धरून’. माणूस कांदा-लसूण खातो की नाही हे आपण आधी विचारून घेतो. त्याच ओळीत आणखी दोन गोष्टी सक्तीच्या करा: गॅसच्या शेवटच्या तपासणीची तारीख, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे की नाही. ज्या जाहिरातीत त्या नसतील ती ॲडमिननं काढून टाकावी. मांसमच्छी आणि राजकारणाच्या पोस्ट आपण काढतोच की.

नोव्हेंबरातल्या त्या घराचं सांगायचं राहिलं. बॅक बॉयलर काढून वरच्या मजल्यावर नवा बॉयलर बसवला, चिमणीचं तोंड बंद केलं. पोरगा अजून तिथंच राहतो. काकूंचा काढा बंद झालाय, गरजच उरली नाही.

माझ्याही घरात एक खोली भाड्यानं आहे. लातूरची एक मुलगी राहते, नर्स आहे. मी नोंदणीतला असल्यामुळे माझ्या घराची तपासणी मी स्वतः करू शकतो, कायद्याची त्याला आडकाठी नाही. तरी मी दरवर्षी माझ्या एका सहकाऱ्याला बोलावतो आणि त्याला पूर्ण पैसे देतो. रोज दिसणारी गोष्ट आपल्याला दिसेनाशी होते, यंत्रमागाच्या खात्यात हे मी पुरतं शिकलोय. या वर्षीचा कागद मी फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी चहा करता करता तो वाचत होती. मला म्हणाली, ‘काका, इंजिनिअर तुम्ही, मग यावर सही दुसऱ्याची का?’

आपला,
एक गॅसवाला